वराहांना टोचून द्यायची संयुक्त भूल : कोणते मिश्रण, किती, आणि नंतर काय?

गोठेफेरी (धागाकर्ता)

गाई-म्हशींच्या पुष्कळ शस्त्रक्रिया जनावर उभे ठेवून, कुशीत लिग्नोकेन ही स्थानिक भूल टोचून पार पडतात, आणि कुत्र्यामांजरांसाठी शहरांतील दवाखान्यांत आता आयसोफ्लुरेन या वायुरूप भुलेची यंत्रे आलेली आहेत. वराहाला यांपैकी कोणतीच सोय लागू पडत नाही, कारण तो उभा राहून चीर घेऊ देत नाही आणि शेडवर भूलयंत्र नेणे आपल्यापैकी बहुतेकांना शक्य नसते. सिंधुदुर्ग आणि गोव्याच्या सीमाभागात काम करताना माझ्याकडे येणारी प्रकरणे ठरावीक आहेत: अंडकोशात उतरलेला हर्निया, पोटातच राहिलेला वृषण, वाढलेल्या नराचे खच्चीकरण आणि अधूनमधून अडलेल्या मादीचे सिझेरियन. या सर्वांसाठी हाताशी असतात ती टोचायची औषधेच. म्हणून त्यांच्या संयोगाबद्दल येथे सविस्तर चर्चा व्हावी, अशी इच्छा आहे. चर्चा नोंदणीकृत पशुवैद्यकांसाठी आहे. पशुपालकांनी प्रश्न जरूर विचारावेत, परंतु येथील मात्रा स्वतः वापरू नयेत.

एकच औषध का पुरत नाही, हे आधी मांडतो. केवळ केटामाइन दिले तर जनावर आडवे पडते, पण पाय ताठ राहतात, पोटातील अवयव ओढल्यावर ते वेदना दाखवते आणि शुद्धीवर येताना धडपडते. केवळ झायलाझिन दिले तर वराह जेमतेम पेंगतो. गाईला प्रतिकिलो ०.०५ ते ०.१ मि.ग्रॅ. एवढी मात्रा खाली बसवते, तर वराहाला २ मि.ग्रॅ. देऊनही तो हाक मारली की उठून चालू लागतो, कारण त्याच्या शरीरातून हे औषध फार लवकर निघून जाते. अझापेरोनने तो शांत होतो, परंतु त्यात वेदनाशमन अजिबात नाही. मिडाझोलाम स्नायू सैल करते, पण त्यावर चीर देता येत नाही. म्हणजे केटामाइनचा ताठरपणा मिडाझोलामने उतरवायचा, वेदनेची बाजू झायलाझिनने आणि शक्य असल्यास ब्युटॉर्फेनॉलने सांभाळायची, आणि प्रत्येक औषधाची मात्रा एकट्याने द्यावी लागली असती त्यापेक्षा कमी ठेवायची, हा संयोगामागचा विचार आहे.

माझी सध्याची पद्धत अशी आहे: झायलाझिन २ मि.ग्रॅ., केटामाइन १० मि.ग्रॅ. आणि मिडाझोलाम ०.२ मि.ग्रॅ. प्रतिकिलो, तिन्ही मानेच्या स्नायूत, आणि चीर द्यायच्या जागी लिग्नोकेन. अडचण आकारमानाची येते. ६० किलोच्या जनावराला १२० मि.ग्रॅ. झायलाझिन लागते, २० मि.ग्रॅ. प्रति मि.ली. या बाटलीतून ते ६ मि.ली. होते. केटामाइन ६०० मि.ग्रॅ. लागते, ५० मि.ग्रॅ. प्रति मि.ली. या मानवी वापराच्या बाटलीतून ते १२ मि.ली. होते. त्यात मिडाझोलामचे अडीच मि.ली. धरले, तर चिडलेल्या डुकराच्या मानेत साडेवीस मि.ली. द्रव घालावा लागतो. यावर तुम्ही काय करता? शिवाय अर्ध्या तासापेक्षा जास्त चालणाऱ्या शस्त्रक्रियेत भूल कशी लांबवता?

शल्यकक्ष

धागा उपयुक्त आहे. मी अनेक वर्षे शल्यचिकित्सा शिकवत आहे, आणि विद्यार्थी मिश्रणावर जितका वाद घालतात तितका सुईवर घालत नाहीत, अशी माझी जुनी तक्रार आहे.

वराहाच्या कातडीखाली चरबीचा जाड थर असतो. औषध त्या थरात पडले तर ते हळूहळू आणि बेभरवशाने शोषले जाते. मग पंधरा मिनिटांनी आपण "भूल चढली नाही" म्हणून दुसरी मात्रा देतो, पहिलीही तेव्हाच रक्तात उतरू लागते आणि श्वास मंदावतो. प्रौढ जनावरासाठी किमान दीड इंच लांबीची, १८ क्रमांकाची सुई घ्यावी आणि कानाच्या बुंध्यामागे, जेथे कातडी पातळ व चरबी कमी असते तेथे, पृष्ठभागाशी काटकोनात ती पूर्ण आत घालावी. सुई आणि सिरिंज यांच्यामध्ये लवचिक नळी जोडली, तर जनावराने मान झटकली तरी सुई निघत नाही आणि कुंपणाबाहेर उभे राहून टोचता येते.

दुसरी गोष्ट वजनाची. "असेल साठ-सत्तर किलोचे" या मालकाच्या अंदाजावर भूल देऊ नये. काटा नसेल तर फितीने छातीचा घेर आणि दोन कानांच्या मध्यापासून शेपटीच्या बुडापर्यंतची लांबी मीटरमध्ये मोजावी. घेराचा वर्ग गुणिले लांबी गुणिले ६९.३ केले की किलोमध्ये वजन मिळते. घेर १ मीटर आणि लांबी १ मीटर असलेला वराह सुमारे ६९ किलोचा भरतो. हा अंदाजच आहे, पण डोळ्यांनी केलेल्या अंदाजापेक्षा पुष्कळ बरा.

आकारमानाबद्दल: झायलाझिनची १०० मि.ग्रॅ. प्रति मि.ली. शक्तीची बाटली घेतली तर सहाचे १.२ मि.ली. होतात. मात्र दोन्ही शक्तींच्या बाटल्या एकाच पेटीत ठेवू नयेत, कारण चुकीची बाटली उचलली की पाचपट फरक पडतो. केटामाइनही १०० मि.ग्रॅ. शक्तीचे मिळाले तर तेथील निम्मा भार उतरतो. तिन्ही औषधे एका सिरिंजमध्ये चालतात, कारण मिडाझोलाम पाण्यात विरघळते. डायझेपामचे तसे नाही. ते स्नायूत दुखते, नीट शोषले जात नाही आणि इतर औषधांत मिसळले की गढूळ होते. ते शिरेतूनच आणि वेगळे द्यावे.

टोचल्यानंतर दहा-पंधरा मिनिटे जनावराला अंधाऱ्या, शांत जागी एकटे सोडावे. मालक, त्याची मुले आणि शेजारी यांना तेथून हलवणे हा भूल देण्याचाच भाग आहे. या अवधीत त्याला डिवचले तर पूर्ण मात्रा देऊनही ते उठून उभे राहते.

आयोवाकर

मूळचा सांगलीचा, आता अमेरिकेत वराहांच्याच व्यवसायात आहे. इकडे शेडवर सर्वाधिक वापरले जाणारे मिश्रण टिलेटामाइन (केटामाइनच्या जातीचे) आणि झोलाझेपाम (मिडाझोलामच्या जातीचे) यांच्या जोडीवर आधारलेले आहे. या दोन औषधांची समप्रमाणातील ५०० मि.ग्रॅ. पूड कुपीत येते. ती पाण्यात न विरघळवता केटामाइन २.५ मि.ली. आणि झायलाझिन २.५ मि.ली. घालून विरघळवतात, दोन्ही १०० मि.ग्रॅ. शक्तीची असावी लागतात. तयार द्रवाच्या प्रत्येक मि.ली.त चारही औषधे ५०-५० मि.ग्रॅ. असतात. ग्रंथांत दिलेली मात्रा टिलेटामाइन-झोलाझेपाम ४.४, केटामाइन २.२ आणि झायलाझिन २.२ मि.ग्रॅ. प्रतिकिलो अशी आहे. तुमच्या ६० किलोच्या जनावराला याचे २.६४ मि.ली. होतात. साडेवीस आणि अडीच यांतील फरकच या मिश्रणाच्या लोकप्रियतेचे कारण आहे. मोठ्या, लठ्ठ किंवा अशक्त जनावराला याहून कमी मात्रेपासून सुरुवात करावी.

दोष सांगितला पाहिजे. वराहात झोलाझेपामचा परिणाम टिलेटामाइनपेक्षा जास्त वेळ टिकतो, त्यामुळे शुद्धीवर येणे शांत पण फार लांबलेले असते. कुत्र्यात याच्या उलट घडते, म्हणून कुत्र्यांचा अनुभव येथे लावू नये. संध्याकाळी शेवटची शस्त्रक्रिया करून निघून जाणाऱ्यासाठी हे मिश्रण नव्हे. रात्री जनावराजवळ कोणी तरी बसले पाहिजे.

गोठेफेरी

आयोवाकर, आपल्याकडे ही पूड मी प्रामुख्याने वन्यजीव पथकांच्या पेटीत पाहिली आहे. क्षेत्रीय पशुवैद्यकाला एका कुपीची किंमत परवडणे हा प्रश्नच आहे. दोन हजारांत सौदा होणाऱ्या पिल्लाच्या मालकाला ती सांगताना आपलीच जीभ अडखळते. तरीही मोठ्या नरासाठी ती मागवावी, असे आता वाटू लागले आहे. अझापेरोनबद्दलही लिहा.

आयोवाकर

अझापेरोन २ ते ४ मि.ग्रॅ. प्रतिकिलो खोल स्नायूत देऊन वीस मिनिटे जनावराला हात लावायचा नाही, एवढे पथ्य पाळले तर वराहाला शांत करण्यासाठी त्याच्याइतके चांगले औषध नाही. प्रजननाच्या नराला मात्र १ मि.ग्रॅ.पेक्षा जास्त देत नाहीत, कारण शिश्न बाहेर येऊन इजा होण्याचा धोका असतो. रक्तदाब उतरतो, हेही लक्षात ठेवावे. त्यावर केटामाइन दिले तर लहान शस्त्रक्रिया होतात. चीर मोठी असेल तर स्थानिक भूल जोडावीच लागते.

प्राणिगृह

मी जैववैद्यकीय संशोधनाच्या प्राणिगृहात वराहांची भूल सांभाळते. आमच्याकडे यंत्र आहे, तरीही पहिला टप्पा टोचूनच होतो. लांबवण्याच्या प्रश्नाचे उत्तर देते.

स्नायूतील मिश्रणावर जनावर आडवे झाले की सर्वप्रथम कानाच्या शिरेत कॅथेटर, म्हणजे औषध देण्याची बारीक नळी, घालावा. कानाच्या बुडाशी रबर बांधून, कानाचा मागचा भाग स्पिरिटने पुसून, बोटाने दोन-चार टिचक्या मारल्या की कडेची शीर फुगून दिसते. २० किंवा २२ क्रमांकाचा कॅथेटर बसतो. तो चिकटवताना कानाच्या आतल्या बाजूला गॉजची गुंडाळी ठेवावी, म्हणजे कान दुमडत नाही. ही शीर हाती असेल तर पुढचे सर्व सोपे आहे. स्नायूत पुन्हा पुन्हा टोचत राहिलात तर भूल किती खोल जाईल, यावर ताबा उरत नाही.

लांबवण्यासाठी गायफेनेसिन (स्नायू सैल करणारे औषध), केटामाइन आणि झायलाझिन यांचे सलाईन वापरतात. डेक्स्ट्रोजमधील ५ टक्के गायफेनेसिनच्या प्रत्येक मि.ली.त केटामाइन २ मि.ग्रॅ. आणि झायलाझिन १ मि.ग्रॅ. असते, म्हणजे ५०० मि.ली. बाटलीत केटामाइन १००० मि.ग्रॅ. आणि झायलाझिन ५०० मि.ग्रॅ. गाईच्या बाटलीत झायलाझिन याच्या दहाव्या हिश्श्याने घालतात. वराहाची बाटली चुकून गाईला लावू नये म्हणून तिच्यावर ठळक अक्षरांत लिहून ठेवावे. गती ताशी २ मि.ली. प्रतिकिलो. ६० किलोला मिनिटाला २ मि.ली. येतात, २० थेंबांचा १ मि.ली. देणाऱ्या संचात ते ४० थेंब होतात. हे सरासरीचे गणित आहे, थेंब जनावराकडे पाहून कमीजास्त करायचे असतात. द्रव थंड झाला तर गायफेनेसिनचे स्फटिक बसतात, म्हणून बाटली कोमट ठेवावी. सलाईन बंद केल्यावर साधारण अर्ध्या ते पाऊण तासात जनावर उठण्याच्या बेतात येते.

खोली पाहण्यासाठी डोळ्यांच्या प्रतिक्षेपांवर विसंबू नका. वराहात ते फसवतात. जबडा सैल आहे का, हे पाहावे, आणि खुरांच्या मधल्या कातडीला चिमटा काढून पाय आखडतो का, ते पाहावे. जबडा सैल आणि चिमट्याला प्रतिसाद नाही, ही चीर देण्याची वेळ. छाती पूर्ण हलत आहे की केवळ पोट हेलकावत आहे, याकडे एका माणसाचे सतत लक्ष हवे. हा माणूस शस्त्रक्रिया करणारा नसावा.

शल्यकक्ष

श्वासाचा मुद्दा येथे जोडतो. या प्राण्याच्या श्वासनलिकेत नळी घालणे अवघड आहे: तोंड पुरते उघडत नाही, मऊ टाळू लांब असते, स्वरयंत्र श्वासनलिकेशी कोन करून बसलेले असते आणि जरा धक्का लागला की ते आवळून घेते. सरावाशिवाय शेडवर हा प्रयत्न करण्यापेक्षा टोचलेली भूल उथळ ठेवून स्थानिक भूल भरपूर वापरणे मला अधिक सुरक्षित वाटते. ज्याला नळी घालायची आहे, त्याने स्वरयंत्रावर आधी लिग्नोकेनचा फवारा मारावा आणि अपेक्षेपेक्षा बारीक नळी घ्यावी. कुत्र्याच्या वजनावरून वराहाची नळी ठरवली तर ती मोठीच निघते. नळी नसेल तर जनावर कुशीवर, मान सरळ, फार ताणलेली नाही आणि वाकलेलीही नाही, जीभ बाहेर ओढलेली, आणि शक्य तेथे नाकाशी ऑक्सिजन. जिभेवर किंवा कानाला लावलेला पल्स-ऑक्सिमीटर आता परवडणाऱ्या किमतीत मिळतो, तो पेटीत असावाच. लाळ आणि मंदावलेले ठोके यांसाठी अट्रोपिन ०.०४ मि.ग्रॅ. प्रतिकिलो भरून ठेवावे.

उपाशी ठेवण्याबद्दल: मोठ्या जनावराचे खाद्य बारा तास बंद, पाणी दोन तास आधीपर्यंत चालू. लहान पिल्लांना इतके उपाशी ठेवू नये. त्यांची रक्तशर्करा झपाट्याने उतरते.

काळी माती

मी पशुवैद्यक नाही, वराहपालक आहे. माझ्याकडे लँडरेस जातीचे संकर आहेत. भुलेतच जनावर तापून ताठ होते आणि मरते, असे ऐकले आहे. ते खरे आहे का? आणि एवढ्या औषधांनंतर ते मांसासाठी केव्हा द्यायचे?

प्राणिगृह

खरे आहे. काही वराहांत स्नायूंतील कॅल्शियम सोडणाऱ्या एका प्रथिनाच्या जनुकात दोष असतो. हा दोष नेमका कोठे आहे, ते १९९१ मध्ये दाखवले गेले. पिएत्रें, लँडरेस आणि पोलंड चायना या जातींत तो अधिक आढळला. अशा जनावराला हॅलोथेन, आयसोफ्लुरेन यांसारखी वायुरूप औषधे किंवा सक्सिनिलकोलिन मिळाले की स्नायू आवळतात, तापमान काही मिनिटांत चढते आणि डॅन्ट्रोलीन वेळेवर न मिळाल्यास बहुधा मृत्यू ओढवतो. यावर डॅन्ट्रोलीन उपयोगी पडते, हे १९७५ मध्ये केपटाउन येथे वराहांवरच सिद्ध झाले, आणि पुढे त्याचा लाभ माणसांना झाला. केटामाइन, झायलाझिन, मिडाझोलाम, थायोपेंटोन, प्रोपोफॉल ही औषधे हा प्रकार सुरू करणारी मानली जात नाहीत. म्हणून लँडरेस संकराला टोचून दिलेली भूल या एका बाबतीत वायूपेक्षा सुरक्षित आहे.

तरीही निर्धास्त राहू नये, कारण असे जनावर नुसत्या पळापळीने आणि उन्हानेही कोसळू शकते. वराहाला घामाने अंग थंड करता येत नाही. एप्रिल-मे महिन्यांत शस्त्रक्रिया सकाळी लवकर घ्यावी, पकडताना पाठलाग करू नये आणि दर पाच मिनिटांनी गुदद्वारातील तापमान पाहावे, ३९.५ अंश सेल्सिअसच्या वर चढू लागले तर कानांवर व पोटावर पाणी मारावे आणि काम आवरते घ्यावे. पिल्लांचे याच्या उलट असते: ती भुलेत थंड पडतात, त्यांना खाली सुके पोते आणि वर ऊब लागते.

शल्यकक्ष

मांसाचा प्रश्न योग्य विचारला. ही बहुतेक औषधे वराहासाठी छापील प्रतीक्षाकाल घेऊन येत नाहीत. युरोपात अशा वापरानंतर मांसासाठी किमान २८ दिवसांचा दंडक दीर्घकाळ होता, आणि मी माझ्या चिठ्ठीवर तोच लिहितो. जखम भरेपर्यंत आणि पुन्हा वजन धरेपर्यंत तेवढे दिवस तसेही जातात.

या संदर्भात एक जुनी पद्धत सांगतो. मोठ्या नराच्या खच्चीकरणासाठी वृषणातच पेंटोबार्बिटोन टोचत असत. औषध तेथून शोषले जाऊन जनावर झोपे, आणि वृषण काढला की औषधाचा साठाही निघून जाई, त्यामुळे भूल पुढे खोल जात नसे. युक्ती सुंदर होती. पण काढलेला वृषण शेडबाहेर फेकला आणि कुत्र्याने खाल्ला तर त्या कुत्र्याचे काय होते, ते सांगायला नको. आजही भुलेत दगावलेले जनावर किंवा कापून काढलेला भाग खोल पुरावा, कोणालाही खाऊ घालू नये.

गोठेफेरी

लहान पिल्लांबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून मीच लिहितो. पहिल्या आठवड्यातील खच्चीकरणासाठी हे एकही मिश्रण लागत नाही. वृषणात आणि कातडीखाली लिग्नोकेन, पाच-दहा मिनिटे थांबणे आणि वेदनाशामक मेलॉक्सिकॅम ०.४ मि.ग्रॅ. प्रतिकिलो, एवढे पुरेसे आहे. लिग्नोकेनची एकूण मात्रा मात्र हिशेबाने घ्यावी. दीड किलोच्या पिल्लाला २ टक्क्यांचे अर्धे मि.ली. दिले तरी प्रतिकिलो साडेसहा मि.ग्रॅ. होऊन जातात, म्हणून ते सौम्य करून वापरावे. आणि सिझेरियनबद्दल शल्यकक्ष सरांचे मत हवे आहे.

शल्यकक्ष

सिझेरियनसाठी तुमचे तिहेरी मिश्रण पूर्ण मात्रेत देऊ नका. ही औषधे नाळेतून पिल्लांपर्यंत जातात आणि ती जन्मतःच पेंगलेली, श्वास न घेणारी निघतात. मादीला हलके शांत करून कमरेच्या व त्रिकास्थीच्या मधल्या जागेत लिग्नोकेनचे एपिड्युरल, म्हणजे मणक्याच्या पोकळीत टोचायची भूल, द्यावे, चिरेच्या रेषेत स्थानिक भूल भरावी, आणि पिल्ले बाहेर आल्यानंतर गरज पडल्यास कानाच्या शिरेतून थोडे केटामाइन द्यावे. एपिड्युरलने मागचे पाय काही तास लुळे राहतात, म्हणून घसरणाऱ्या फरशीवर उठू देऊ नये. आधीच थकलेल्या, विषबाधेकडे झुकलेल्या मादीला झायलाझिन तर मी देतच नाही.

आयोवाकर

उताऱ्याबद्दल एक सूचना. योहिम्बिन किंवा ॲटिपामेझोल यांनी झायलाझिन उतरते, केटामाइन उतरत नाही. शेवटच्या केटामाइननंतर लगेच उतारा दिला तर मागे केवळ केटामाइन उरते, आणि जनावर ताठ पायांनी भिंतींवर आदळते. शिवाय झायलाझिनचे वेदनाशमनही जाते. अर्धा-पाऊण तास थांबून, मेलॉक्सिकॅम दिलेले आहे याची खात्री करून, आणि श्वास खरोखर मंद असेल तरच तो द्यावा.

काळी माती

माहितीबद्दल आभार. आमचा जुना कामगार सुई चांगली मारतो. ही औषधे आणून ठेवली आणि डॉक्टरांनी फोनवर सांगितले, तर चालेल का?

गोठेफेरी

चालणार नाही, दादा. केटामाइन शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे औषध नियमांतील कडक नियंत्रणाच्या यादीत, येते. त्याची चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक प्रत दुकानदाराला दोन वर्षे जपून ठेवावी लागते, आणि प्रत्येक मि.ली.चा हिशेब माझ्या नोंदवहीत असतो. ते शेडच्या फडताळात ठेवता येत नाही. तुमच्या कामगाराचा मला उपयोग दुसऱ्या कामी आहे. शस्त्रक्रियेनंतर जनावर चारही पायांवर न डगमगता चालेपर्यंत त्याला कळपात सोडू नये, कारण बाकीची डुकरे पडलेल्याला चावतात. त्याच्या खुराड्यातील पाण्याचे कुंड काढून घ्यावे, कारण पेंगलेले जनावर वीतभर पाण्यातही बुडते. आणि दर अर्ध्या तासाने त्याची कूस पालटावी. हे करणारा माणूस तुमच्याकडे असेल, तर गुरुवारी सकाळी सात वाजता तो पोटातल्या वृषणाचा नर घेऊ. बुधवारी संध्याकाळनंतर त्याला खाद्य देऊ नका, पाणी पहाटे पाचपर्यंत चालू ठेवा, आणि फितीने घेर व लांबी मोजून मला आधी कळवा.